लीक: आधी चिरा, मग धुवा

भाजी आधी धुवायची आणि मग चिरायची, चिरलेली भाजी पाण्यात घातली की सगळं सत्त्व पाण्याबरोबर जातं, हे आपल्याकडे घराघरात शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण लीकला, म्हणजे कांद्याच्याच कुळातल्या, लांब पांढरा दांडा आणि वर हिरवी पानं असलेल्या भाजीला, हा नियम लावला की घोळ होतो. इकडे इंग्लंडमध्ये नवीन आलेल्या मराठी मुलामुलींना मी भाज्यांबद्दल काही सांगायचं झालं तर पहिलं हेच सांगते, कारण नेहमी असंच होतं की अख्खा लीक नळाखाली छान चोळून धुतला, वरून पांढराशुभ्र दिसतोय म्हणून चिरून सूपमध्ये टाकला, आणि पहिल्याच घासाला दाताखाली कचकन रेती आली. एकदा असं झालं की माणूस पुन्हा त्या भाजीच्या वाटेला जात नाही. आणि हे फार वाईट आहे हो, कारण थंडीच्या दिवसांत इथे जेव्हा निम्म्या भाज्या बाहेरच्या देशांतून आलेल्या असतात तेव्हा लीक इथल्याच शेतातला असतो, ताजा असतो, आणि चव अशी की कांद्याचा गोडवा आहे पण उग्रपणा नाही.

तर ही माती आत जाते कशी ते आधी समजून घ्या, म्हणजे धुण्याची पद्धत पाठ करावी लागणार नाही, आपोआप कळेल.

लीकला कांद्यासारखा गड्डा नसतो. आपण ज्याला पांढरा दांडा म्हणतो तो खरं म्हणजे पानांचाच खालचा भाग, एकाभोवती एक असे घट्ट गुंडाळलेले पदर. रोप लावताना जमिनीत साधारण 15 सेंटीमीटर खोल भोक पाडतात, त्यात रोप सोडतात आणि वरून माती न लोटता नुसतं पाणी ओततात, त्या पाण्याबरोबर मुळांपुरती माती आपोआप आत बसते. मग रोप वाढेल तशी बुंध्याला मातीची भर देत जातात, कारण जेवढ्या भागाला ऊन लागणार नाही तेवढा भाग पांढरा आणि कोवळा राहतो. आता प्रत्येक पान दांड्यापासून जिथे सुटं होतं तिथे एक छोटी खोबण असते. भर टाकताना, पावसाच्या शिंतोड्यांनी, वाऱ्याने माती त्या खोबणीत पडते, आतून नवीन पान वर येत राहतं, आणि ती माती दोन पदरांच्या मध्ये कायमची अडकते. बाहेरून कितीही पाणी मारा, ती हलणार नाही.

एक लीक उभा चिरून बघा म्हणजे दिसेल. खालचा मुळाकडचा पांढरा भाग जवळजवळ स्वच्छ असतो, वरची गडद पानं उघडी असल्यामुळे तीही पटकन धुतली जातात, आणि जिथे पांढऱ्याचा पोपटी आणि पोपटीचा हिरवा होतो बरोबर त्या पट्ट्यात, दोन पदरांच्या मध्ये, तपकिरी रेघ दिसते. कधी दुसऱ्या पदरात, कधी पार चौथ्या-पाचव्यात. सगळा जोर त्या पट्ट्यावर द्यायचा.

विकत घेताना

इथे लीकचा हंगाम साधारण सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकदम भरात. वेल्समध्ये तर लीक म्हणजे देशाचं चिन्हच आहे, 1 मार्चला त्यांचा सेंट डेव्हिड्स डे असतो तेव्हा लोक कोटावर लीक लावून फिरतात, आणि मटण, बटाटा, गाजर-कंदं आणि लीक घालून जे पातळ रश्श्यासारखं काउल करतात ते थंडीत खाऊन बघण्यासारखं आहे.

घेताना माझा पहिला नियम, हातात धरून बघायचा. लीक ताठ पाहिजे. मध्ये धरला आणि दोन्ही टोकं लोंबली तर तो जुना झालाय, ठेवून द्या. खालच्या बाजूला मुळ्यांचा झुपका असेल तर चांगलंच, मुळ्या असलेला लीक जास्त दिवस टिकतो. पानं गडद, थोडी निळसर हिरवी हवीत, टोकं जरा सुकलेली असली तरी चालतं पण पिवळी पडलेली किंवा चिकट झालेली नकोत. पानांवर कधीकधी नारिंगी गंजासारखे ठिपके असतात, तो एक बुरशीचा रोग आहे, तेवढी पानं काढून टाकली की आतला लीक वापरता येतो, पण सगळाच लीक ठिपक्यांनी भरलेला असेल तर कशाला घ्यायचा.

जाडी बघा. अडीच-तीन सेंटीमीटर जाडीचे घरच्या स्वयंपाकाला सगळ्यात बरे. मनगटाएवढे जाड लीक दिसायला भरघोस दिसतात पण बाहेरचे पदर चिवट निघतात, ते फार तर सूपला. बुंध्याशी कांद्यासारखी गोल फुगवटी आली असेल तर तोही जून समजायचा. आणि एप्रिल-मे मध्ये घेत असाल तर अजून एक, लीकच्या मधोमध दाबून बघा, आत काडीसारखं कडक काही लागलं तर तो फुलावर आलेला आहे, मधला दांडा शिजता शिजत नाही. घरी आणल्यावर कळलं तर ती मधली कडक काडी उपटून फेकायची आणि बाकीचे पदर वापरायचे.

पांढरा आणि पोपटी भाग जितका लांब तितके पैसे वसूल. दुकानदार वरची पानं किती छाटून ठेवतो त्यावर पण हिशोब बदलतो, शेतकरी बाजारात अख्ख्या पानांसकट मिळतात आणि वजनावर घेतले तर निम्मं वजन गडद पानांचं असू शकतं, पण मी तरी ती पानं घेते, कारण ती फुकट जात नाहीत, पुढे सांगते कशी. पाकिटातले छाटलेले लीक स्वच्छ दिसतात म्हणून धुवायची गरज नाही असं समजू नका, बाहेरून धुतलेत फक्त.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या सुपरमार्केटात परदेशी भाज्यांच्या शेल्फवर लीक मिळतो. तिथे मुख्य शत्रू म्हणजे उकाडा. ट्रेमध्ये प्लास्टिक गुंडाळून ठेवलेला असेल तर आत पाणी सुटलंय का बघा, पाण्याचे थेंब साचले असतील तर बाहेरचा पदर बुळबुळीत निघणार. आणि घरी आणल्यावर ओट्यावर ठेवू नका, थेट फ्रीज.

साफ करणं

आधी मुळ्या कापा, पण नुसत्या केसांसारख्या मुळ्याच, त्यांच्या वरची जी कडक चकती असते ती राहू द्या. सगळे पदर त्या चकतीला धरून असतात, ती उडवली की चिरताना पदर सुटून बोर्डभर पसरतात. मग बाहेरचा एक पदर सोलून काढा, तो बहुतेक वेळा फाटलेला किंवा चिवट असतो.

आता वरची पानं. बरेच लोक जिथे हिरवा रंग सुरू होतो तिथे एक घाव घालून वरचं सगळं फेकून देतात. असं करू नका, कारण आतल्या पानांचा कोवळा पोपटी भाग बाहेरच्या पानांपेक्षा बराच वरपर्यंत गेलेला असतो. शिसपेन्सिलीला टोक काढतो तसं करायचं, म्हणजे लीक फिरवत फिरवत बाहेरची गडद पानं खाली कापायची, त्याच्या आतली थोडी वर, त्याच्या आतली अजून वर. एका लीकमागे चार-पाच बोटं कोवळा भाग जास्त मिळतो.

मग धुणं. काय करायचंय त्यावर पद्धत ठरते.

चिरलेलाच हवा असेल, म्हणजे भाजी, सूप, ऑम्लेट, तर सगळ्यात खात्रीची पद्धत हीच की आधी चिरा आणि मग धुवा. मोठं पातेलं घ्या, छोटं नको, गार पाण्याने भरा, चिरलेला लीक त्यात टाका आणि हाताने चांगला घुसळा, चकत्यांचे गोल गोल पदर बोटांनी सुटे करा. मग दोन-तीन मिनिटं हात काढून तसंच राहू द्या. लीक तरंगतो, रेती खाली बसते. आता इथेच सगळ्यात जास्त चूक होते: लोक पातेलं उचलतात आणि सगळं चाळणीत ओततात, म्हणजे तळाला बसलेली माती परत त्याच लीकवरून जाते. ओतायचं नाही. मेथी, माठ जसा आपण पाण्यातून वर उचलून काढतो तसा ओंजळीने किंवा झाऱ्याने वरच्यावर उचलून रोळीत टाकायचा. तळाची माती बघा, पाणी फेका, पातेलं विसळा, आणि पुन्हा एकदा तेच. दुसऱ्या पाण्यात तळाशी बोट फिरवून बघायचं, खरखर लागली तर तिसरं पाणी. शेतकरी बाजारातल्या लीकला तिसरं पाणी लागतंच, पावसाळी आठवड्यानंतरच्या लीकला तर हमखास.

सत्त्व जाण्याची भीती ज्यांना वाटते त्यांनी चिरलेला लीक फार वेळ पाण्यात भिजत ठेवू नये एवढंच पाळावं. पाच-सात मिनिटांत काम होतं, आणि रेतीची भाजी कोणी खात नाही त्यामुळे सत्त्वाचा प्रश्न येतच नाही.

लांब तुकडे किंवा उभे अर्धे हवे असतील, म्हणजे भाजायला, बेक करायला, तर मुळाच्या चकतीपासून साधारण दोन बोटं सोडून सुरी खुपसायची आणि तिथून पानांच्या टोकापर्यंत उभा चिरायचा. म्हणजे लीक एका बाजूने जोडलेला राहतो आणि दुसऱ्या बाजूने पुस्तकासारखा उघडतो. आता नळाखाली धरताना मुळाची बाजू वर आणि पानांची बाजू खाली. हे उलटं झालं तर पाणी माती घेऊन खाली मुळाकडे जाऊन बसतं आणि तिथून ती निघत नाही. अंगठ्याने एकेक पदर उलगडत जायचं, त्या हिरव्या-पोपटी पट्ट्यात थांबून बोटाने चोळायचं. जानेवारीत इथल्या नळाचं पाणी हात बधिर करतं, कोमट पाणी वापरलं तरी काही बिघडत नाही.

आणि अख्खे गोल जाड तुकडेच हवे असतील, पदर न सुटता, तर पानांच्या बाजूने अधिक चिन्हासारखे दोन छेद द्यायचे, पोपटी भागापर्यंत खोल, आणि उंच जगमध्ये पाणी घेऊन पानं खाली मुळं वर असा अर्धा तास उभा करून ठेवायचा, मधून मधून वरखाली हलवायचा. नंतर नळाखाली एकदा धुवायचा. ही पद्धत मला कमी भरवशाची वाटते, पातळ, स्वच्छ लीकला ठीक आहे.

सूपला जाणार असेल तर निथळला की पुरे. पण परतायचा किंवा तळायचा असेल तर स्वच्छ पंच्यावर पसरून कोरडा करा, नाहीतर तेलात गेल्यावर परतण्याऐवजी वाफवला जातो, आणि तळताना तर तेल उडतं.

चिरणं

लीक गोल असतो आणि वरचे पदर गुळगुळीत असल्यामुळे बोर्डवर घरंगळतो, म्हणून आधी उभा अर्धा करा आणि सपाट बाजू खाली ठेवा. इथून पुढे सगळं सोपं. अर्धचंद्र चकत्या हव्या असतील तर पानांकडून मुळाकडे चिरत या, मुळाची कडक चकती शेवटपर्यंत हातात धरायला राहते. बारीक चौकोनी हवा असेल तर मुळाकडचं टोक जोडलेलं ठेवून उभ्या तीन-चार रेघा मारा आणि मग आडवं चिरा. लांब काड्या हव्या असतील तर बोटभर लांबीचे तुकडे करून दोन-दोन, तीन-तीन पदर एकावर एक चपटे ठेवून उभे बारीक चिरा, सगळे पदर एकदम घेतले तर ते उसळतात आणि सुरी सटकते.

विळीवर चिरणाऱ्यांनी उभा अर्धा सुरीने करून घ्यावा, मग दोन अर्धे एकत्र धरून विळीवर कांद्याच्या पातीसारखे झरझर होतात. पातं धारदार हवं, बोथट पात्याखाली बाहेरचे पदर कापले जात नाहीत, नुसते दुमडतात.

लीकमधले धागे उभे जातात, हे लक्षात ठेवा. म्हणून वरचा भाग जितका हिरवा तितकं आडवं आणि पातळ चिरायचं. पांढरा भाग एक सेंटीमीटर जाड चालेल, गडद हिरवा तीन-चार मिलिमीटरच्या वर नको. तो जाड ठेवला आणि सूप मिक्सरमधून काढलं तर धागे पात्याला गुंडाळतात आणि सूप गाळावं लागतं.

शिजवताना

लीक पटकन करपतो आणि करपला की कडू होतो, कांद्यासारखा खमंग लालसर होण्याची वाट बघू नका. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कांद्याऐवजी लीक घालू नये असं माझं ठाम मत आहे, त्याला तो दम नाही. त्याचा गुण वेगळा आहे, मंद आचेवर, झाकण ठेवून, आपल्याच पाण्यात मऊ होणं. दोन मध्यम लीकला एक चमचा बटर आणि एक चमचा तेल, चिमूटभर मीठ सुरुवातीलाच, झाकण, आणि दहा-बारा मिनिटं, मधून हलवत. बोटांत दाबला की विरघळेल इतका मऊ झाला पाहिजे. यात बटाट्याच्या फोडी, पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं शिजवलं, घोटलं, मिरपूड घातली की सूप झालं. गडद पानं घालत असाल तर ती आधी पाच मिनिटं परता आणि मग पांढरा भाग टाका.

आपल्या पद्धतीने मला सगळ्यात आवडतं ते पीठ पेरून. दोन मध्यम लीक बारीक चिरून, धुऊन, नीट निथळून घ्यायचे. तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, लसूण अजिबात नको, त्याने लीकची चव दबते. लीक झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटं परता म्हणजे सुटलेलं पाणी थोडं आटेल, मीठ घाला, मग चार-पाच चमचे बेसन वरून भुरभुरवत पेरा, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढा, दोनदा उलथन्याने वरखाली करा. बेसनाचा कच्चा वास गेला की झालं. कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. भाकरीबरोबर तर उत्तमच, पण इकडे ज्वारीचं पीठ नसेल तर टोस्टवर घालून खाल्लं तरी छान लागतं.

गडद पानं थालिपिठाच्या पिठात अगदी बारीक चिरून घाला, किंवा गाजराचे तुकडे, मिरी, तमालपत्र घालून उकळून पाणी गाळून ठेवा, आमटीला, पुलावाला कामाला येतं.

एक-दोन गोष्टी अजून. लीक कांदा-लसणाच्याच कुळातला आहे, त्यामुळे घरात चातुर्मास पाळणारे किंवा कांदा-लसूण न खाणारे कोणी असतील तर त्यांना आधी सांगा, सूपमध्ये तो दिसत नाही आणि नंतर कळलं तर त्यांना वाईट वाटतं. घरात कुत्रा-मांजर असेल तर सालं, पानं त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नका, ते त्यांना विषारी असतं, शिजवलेलंसुद्धा. आणि रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर लीकमध्ये व्हिटॅमिन के बरंच असतं, एकदम खूप खाणं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ठेवणं

न धुता, न छाटता, कागदात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात. दहा-बारा दिवस आरामात राहतो. वास बटर, दुधाला लागतो म्हणून उघडा ठेवू नका. पानं फारच लांब असतील तर वरची टोकं कापा पण पांढरा भाग उघडा करू नका. फ्रीझरमध्ये टाकायचा तर चिरून, धुऊन, पूर्ण कोरडा करून ताटात एका थरात तासभर गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे एकाच ढेपेत चिकटत नाही. उकळत्या पाण्यातून काढायची गरज नाही. फ्रीझरमधला लीक बाहेर काढल्यावर मऊ पडतो त्यामुळे तो सूपला, आमटीला, भुर्जीला वापरा, आणि न वितळवता थेट गरम पातेल्यात टाका.